तेल चालते, पेंड चालत नाही

२४ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. जनुकपरिवर्तित सोयाबीनची, दळून तेल काढून घेतलेली बारा लाख टन पेंड ३१ ऑक्टोबरपर्यंत देशात आणण्यास तिच्याद्वारे मुभा देण्यात आली. माल उतरविण्यासाठी प्रारंभी दोनच ठिकाणे नेमून दिलेली होती : मुंबईलगतचे न्हावाशेवा बंदर आणि बांगलादेशाच्या सीमेवरील पेट्रापोलचा जकातनाका. पुढे आणखी बंदरे खुली झाली आणि मुदत जानेवारी २०२२ अखेरपर्यंत वाढविण्यात आली. कुक्कुटपालन आणि मत्स्यशेती या व्यवसायांना खाद्याच्या महागाईतून सोडविण्यासाठी ही सवलत आहे, असे तिचे समर्थन करण्यात आले.

त्याच महिन्याच्या आरंभी मराठवाडा व विदर्भातील बाजार समित्यांत सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात पोचला होता. बहुतेक लहान शेतकऱ्यांनी गेल्या हंगामाचा माल तोवर विकून टाकलेला असल्यामुळे त्या भावाचा लाभ त्यांना नव्हता; त्यांचे डोळे शेतात उभ्या असलेल्या नव्या पिकाकडे लागले होते. ऑक्टोबरात ते पीक मोंढ्यात येऊ लागले तेव्हा भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला होता. नव्या मालाची आवक आणि जागतिक बाजाराची चाल ही त्याची कारणे होतीच. साऱ्या घसरणीचा दोष एका अधिसूचनेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तथापि सुगीच्या तोंडावर दार उघडले गेले, ही गोष्ट शेतकरी विसरला नाही. महाराष्ट्राच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांनीही या आयातीस विरोध नोंदविला होता.

त्यानंतर जो वाद झाला तो दोन ठरीव घोषणांत अडकून पडला. एका बाजूने ‘अन्नसाखळीत विष कालवले जात आहे’ असा आक्रोश झाला, तर दुसऱ्या बाजूने ‘विज्ञानाला विरोध करणारे प्रगतीचे शत्रू’ अशी संभावना झाली. जनुकपरिवर्तित पिकांच्या पेंडीवर मासे पोसावेत की नाही, हा प्रश्न वस्तुतः तीन निरनिराळ्या प्रश्नांचा मिळून झालेला आहे. पहिला आरोग्याचा, दुसरा किमतीचा आणि तिसरा, ग्राहकाला काय सांगितले जाते याचा. हे तीन प्रश्न वेगळे करून पाहिल्याखेरीज कोणत्याही धोरणाचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

माशाच्या घासाची गोष्ट

मासा म्हटला की समुद्र आणि जाळे डोळ्यांपुढे येते. ती कल्पना आता जुनी झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालानुसार २०२२ साली जगात पाळीव जलचरांचे उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झाले आणि जाळ्यात पकडलेल्या जलचरांच्या उत्पादनाला त्याने प्रथमच मागे टाकले. मत्स्यशेतीत भारताचा क्रमांक चीनच्या खालोखाल लागतो. आंध्र प्रदेशातील कोल्लेरू सरोवराच्या परिसरात पोसलेले रोहू आणि कटला बर्फात घालून थेट बंगाल-आसामपर्यंत जातात. २००९ साली वनामी जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाल्यानंतर त्याच किनारपट्टीवरील तळ्यांतून अमेरिका आणि इतर देशांकडे निर्यात वाढत गेली. महाराष्ट्रातही धरणांच्या जलाशयांत पिंजरे सोडून पंगस आणि तिलापिया वाढविले जात आहेत.

पाळलेल्या माशाला चारावे लागते आणि कोळंबीच्या शेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावरच होतो. या खाद्यातील प्रथिनांचा मुख्य आधार पूर्वी मासळीची भुकटी हा होता. समुद्रातील लहान मासे पकडायचे, वाळवून त्यांची भुकटी करायची आणि तळ्यातील मोठ्या माशांना ती घालायची, असा तो व्यवहार. या भुकटीचा सर्वांत मोठा पुरवठादार पेरू हा देश. १९७० साली पेरूच्या कोळ्यांनी सुमारे १ कोटी २० लाख टन अँकोव्ही मासळी पकडली होती. पुढे अतिरिक्त मासेमारी आणि ‘एल निन्यो’ या उष्ण सागरी प्रवाहाचा फटका एकत्र बसला आणि १९७३ साली ही पकड २० लाख टनांच्या आसपास आली. २०२३ साली पुन्हा एल निन्योमुळे पेरूला वर्षाचा पहिला हंगाम रद्द करावा लागला. समुद्रातून काढता येणाऱ्या भुकटीला अशी मर्यादा आहे. तळ्यांची संख्या मात्र वाढत आहे. दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम प्रामुख्याने सोयाबीनच्या पेंडीने केले.

१९७३ सालच्या त्या संकटाची एक उपकथा आजच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. मासळीची भुकटी दुर्मीळ होताच जगभरच्या खाद्य कारखान्यांनी सोयाबीनकडे धाव घेतली. भाव भडकले, तेव्हा अमेरिकेने त्या वर्षीच्या जूनमध्ये सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी अल्पकाळच टिकली, परंतु अमेरिकन सोयाबीनवर विसंबून असलेला जपान त्यामुळे हादरला. त्याने ब्राझीलच्या सेराडो पठारावर शेती उभी करण्यासाठी भांडवल आणि तंत्रज्ञान पुरविले. आज ब्राझील सोयाबीनचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे. तात्पुरता म्हणून घेतलेला निर्णय बाजाराच्या स्मरणात किती खोल रुजतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

शास्त्र काय सांगते

तणनाशकाला दाद न देणारे जनुकपरिवर्तित सोयाबीन अमेरिकेत १९९६ साली शेतात आले. आज अमेरिका, ब्राझील आणि अर्जेंटिना या तीन मोठ्या निर्यातदार देशांतील जवळजवळ सर्व सोयाबीन जनुकपरिवर्तित आहे. साहजिकच, हे पाळीव मासे खाल्ल्यास काय होईल, याचा अभ्यासही पुष्कळ झाला. त्यात नॉर्वेतील संशोधकांनी सामन माशावर केलेले प्रयोग विशेष उल्लेखनीय आहेत. साध्या आणि जनुकपरिवर्तित सोयाबीनवर वाढविलेल्या माशांच्या वाढीत व प्रकृतीत त्यांना मोठा फरक आढळला नाही. परिवर्तित जनुकाचे तुकडे माशाच्या आतड्यातील अन्नात सापडले. यकृत, स्नायू व मेंदूत सापडले नाहीत. जपानमध्ये ट्राऊट माशावर झालेल्या एका प्रयोगात असे सूक्ष्म तुकडे स्नायूंतही आढळले, परंतु साधे खाद्य सुरू केल्यावर काही दिवसांत ते नाहीसे झाले. कीडरोधक मक्यावरील काही चाचण्यांत यकृत व आतड्यांत लहानसहान फरक नोंदले गेले, तथापि त्यांचे कारण परिवर्तित जनुकच होते असे ठामपणे सिद्ध झाले नाही.

या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती सहसा चर्चेत येत नाही. सामनसारख्या मांसाहारी माशाला सोयाबीनची पेंड फार प्रमाणात दिली तर त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. ही सूज पेंड जनुकपरिवर्तित असली काय किंवा देशी असली काय, दोन्ही परिस्थितींत येते. तिचे मूळ सोयाबीनमधील सॅपोनिनसारख्या नैसर्गिक द्रव्यांत आहे. म्हणजे माशाच्या प्रकृतीच्या दृष्टीने पेंडीवर प्रक्रिया कशी केली आणि ती किती प्रमाणात घातली हे प्रश्न जनुकाच्या प्रश्नाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे ठरतात. आपल्या रोहू-कटल्यासारख्या माशांना वनस्पतिजन्य आहार पुष्कळ अंशी मानवतो, ही भारतीय मत्स्यशेतीची जमेची बाजू आहे.

याचा अर्थ सर्व शंका मिटल्या असा मात्र नव्हे. सामन हा थंड पाण्यातील मासा. त्याच्यावरील निष्कर्ष उष्ण कटिबंधातील कोळंबीला जसेच्या तसे लावणे घाईचे होईल. ब्राझीलमध्ये २०१३ पासून तणनाशकरोधी व कीडरोधी असे दोन्ही गुण असलेले सोयाबीन मोठ्या क्षेत्रावर घेतले जाते. त्यातील प्रथिन विशिष्ट अळ्यांच्या आतड्यांवर काम करते आणि इतर प्राण्यांवर त्याचा परिणाम होत नाही, असे मानले जाते. परंतु कोळंबी हीदेखील कीटकांप्रमाणे संधिपाद प्राण्यांतच मोडते. तेव्हा तिच्यावर भारतीय तळ्यांतच स्वतंत्र चाचण्या व्हाव्यात, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तणनाशकाचा अंश पेंडीत किती उरतो याची बंदरावर तपासणी करणे हेही तितकेच आवश्यक होय. सारांश, आजवरच्या पुराव्यावरून भीतीचे कारण दिसत नाही, पण तपासणी थांबवावी असाही त्याचा अर्थ निघत नाही.

स्वयंपाकघरातील विसंगती

आरोग्याच्या मुद्द्यावर जे लोक पेंडीला विरोध करतात त्यांनी, आणि जे शासन ती एरवी अडवून धरते त्यानेही, एका विसंगतीचे उत्तर दिले पाहिजे. २००७ साली जनुकपरिवर्तित सोयाबीनपासून काढलेल्या तेलाच्या आयातीला शासनाच्या जनुक अभियांत्रिकी समितीने मान्यता दिली. अर्जेंटिना-ब्राझीलमधून येणारे हे तेल तेव्हापासून लाखो टनांच्या प्रमाणात आपल्या कढईत पडत आहे. त्याच दाण्याचे तेल माणसाला चालते. पेंड मात्र कोंबडीला आणि माशाला चालत नाही, आणि महागाई झाली की काही महिन्यांपुरती तीही चालू लागते.

या भेदाला काही तांत्रिक आधार आहे, हे खरे. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन आणि जनुकद्रव्य जवळजवळ उरत नाही. पेंडीत ते उरते. परंतु हाच आधार धरला तर कापसाचे काय ? मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आता देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे. त्या कापसाची सरकी घाण्यावर जाते, तिचे तेल खाण्यात येते आणि सरकीची पेंड महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक गोठ्यात दुभत्या जनावरापुढे पडते. आंध्रातील मत्स्यतळ्यांत भाताच्या कोंड्यात भुईमुगाची पेंड किंवा सरकीची पेंड मिसळून, छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत भरून ती काठ्यांना टांगून ठेवण्याची रीत आहे. मासे येऊन त्या पिशव्यांना तोंड लावतात. त्या सरकीचे जनुक कोणी विचारले नाही. दोन दशकांहून अधिक काळ जनुकपरिवर्तित पिकाची पेंड भारतीय मासा खात आला आहे आणि त्या माशाचा रस्सा आपण भाताबरोबर खात आलो आहोत.

हाच प्रश्न उद्या मोहरीच्या रूपाने पुन्हा उभा राहील. बंगालमध्ये मोहरीची पेंड हे माशांचे पारंपरिक खाद्य आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जनुकपरिवर्तित मोहरीच्या एका संकरित वाणाला पर्यावरणीय मान्यता मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य खंडपीठात या मान्यतेविषयी मतभेद झाले. मात्र जनुकपरिवर्तित पिकांविषयी केंद्राने राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोन्ही न्यायमूर्तींचे एकमत होते. त्या धोरणात बी-बियाण्यांबरोबर पेंडीचाही विचार व्हावयास हवा. पीक शेतात उभे असते ते चार महिने. पेंड मात्र वर्षभर गोठ्यात, खुराड्यात आणि तळ्यात फिरत असते.

दोन शेतकऱ्यांचा हिशेब

आता किमतीच्या प्रश्नाकडे वळू. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण एक क्विंटल दाणा गाळला तर त्यातून तेल निघते साधारण अठरा किलो आणि पेंड उरते ऐंशी किलोंच्या वर. म्हणजे आडतबाजारात सोयाबीनला काय भाव मिळणार, हे मुख्यतः पेंडीच्या मागणीवर ठरते. पेंडीचा भाव किलोमागे दहा रुपयांनी उतरला, तर गाळप करणारा कारखानदार एका क्विंटलमागे सुमारे आठशे रुपये कमी मोजेल. भारतात सोयाबीनचे सरासरी उत्पादन हेक्टरी दहा-अकरा क्विंटलच्या आसपास आहे. ब्राझील-अमेरिकेत ते तिपटीइतके असते. दोन हेक्टरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला वीस क्विंटल माल झाला असे धरले, तर पेंडीच्या भावातील या एका उताराने त्याचे सोळा हजार रुपये जातात. वर्षातून एकच पीक घेणाऱ्या कुटुंबात ही रक्कम म्हणजे मुलाची वसतिगृहाची फी किंवा सावकाराचे व्याज होय.

आता तळ्याच्या काठावर उभे राहून तोच हिशेब करून पाहावा. कोळंबीच्या खाद्यात तीस टक्के सोयापेंड धरली, तर पेंडीच्या भावातील दहा रुपयांच्या उताराने खाद्य किलोमागे तीन रुपयांनी स्वस्त व्हावयास हवे. एक किलो कोळंबी पोसण्यास सुमारे एक किलो चारशे ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे किलोमागे बचत झाली चार रुपये वीस पैसे. हेक्टरभर तळ्यात एका खेपेला पाच टन कोळंबी निघाली, तर एकवीस हजार रुपये वाचतात. रोगराई, विजेचे बिल, निर्यातबाजारातील चढउतार यांच्या ओझ्याखाली असलेल्या तळेमालकालाही ही रक्कम लहान नाही.

हे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत. पण त्यांतून प्रश्नाचे खरे स्वरूप उघड होते. एका कोरडवाहू शेतकऱ्याचे सोळा हजार आणि एका मत्स्यशेतकऱ्याचे एकवीस हजार यांच्यात निवड करण्याची वेळ शासनावर येते. दोघेही शेतकरीच. दोघेही निसर्गाच्या लहरीवर जगणारे आणि दोघेही आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवू न शकणारे. एकाला ‘अन्नदाता’ आणि दुसऱ्याला ‘परकी चलन मिळवून देणारा’ अशी विशेषणे देऊन त्यांना परस्परांसमोर उभे करणे सोपे आहे. परंतु या दोघांच्या मधे गाळप कारखाने, आयातदार आणि खाद्य कंपन्या उभ्या आहेत, ही गोष्ट अशा वेळी नजरेआड होते. पेंड स्वस्त झाल्याचे तीन रुपये खाद्याच्या पोत्यावरील किमतीत खरोखर उतरतात का, आणि उतरत असतील तर किती दिवसांनी, याची नोंद ठेवणारी यंत्रणा असल्याखेरीज सवलत कोणाला मिळाली हे सांगता येणार नाही.

दुसऱ्या बाजूने, दार बंद ठेवल्याने सोयाबीन उत्पादकाचे भले होतेच, असेही नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. महाराष्ट्रातील बाजारांत त्या शरद ऋतूत भाव त्याच्या बराच खाली, चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता आणि विधानसभेच्या निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला. बाहेरून परिवर्तित पेंड त्या वेळी येत नव्हती. भाव पडला तो जागतिक बाजारातील मंदीमुळे, आणि देशातच इथेनॉलच्या कारखान्यांतून तांदूळ-मक्याचा प्रथिनयुक्त चोथा स्वस्तात मिळू लागल्यामुळे. कोंबडी व मासे यांच्या खाद्यात हा चोथा सोयापेंडीची जागा घेऊ लागला. तेव्हा आयातबंदी हेच शेतकऱ्याचे कवच, असे मानून स्वस्थ बसणाऱ्यांनी या हंगामाचा अनुभव विसरू नये.

इतरांनी काय केले

या बाबतीत परदेशांचा अनुभव पाहिला तर एकच एक उत्तर मिळत नाही, मात्र नियमांच्या स्थैर्याचे महत्त्व कळते. युरोपीय संघाने २००३ साली कायदे करून जनुकपरिवर्तित खाद्याच्या पोत्यावर तशी नोंद बंधनकारक केली. अनवधानाने झालेल्या मिसळीला ०.९ टक्क्यांची मर्यादा घातली. खाद्य विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे आपण काय घेत आहोत ते कळते. त्या खाद्यावर पोसलेल्या माशाच्या किंवा कोंबडीच्या वेष्टनावर मात्र काही लिहिण्याची सक्ती नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जर्मनीने २००८ साली वेगळी वाट काढली. जे उत्पादक जनुकपरिवर्तित खाद्य वापरत नाहीत त्यांना आपल्या मालावर तसे चिन्ह लावण्याची सोय कायद्याने करून दिली. ज्या ग्राहकाला त्यासाठी चार पैसे अधिक मोजावयाचे आहेत तो मोजतो. ज्याला नको तो साधा माल घेतो. ब्रिटनमधील काही मोठ्या दुकानांच्या साखळ्यांनी उलट २०१३ साली परिवर्तित खाद्यावरील आपली बंधने सैल केली, कारण अपरिवर्तित सोयाबीनचा पुरवठा त्यांना खात्रीचा वाटेना.

पाळीव सामन माशाचा सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या नॉर्वेचे उदाहरण भारताच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. १९९० साली तेथील सामनच्या खाद्यात सुमारे नव्वद टक्के घटक समुद्रातून आलेले असत. आता त्यांचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास उरला आहे. उरलेली जागा वनस्पतींनी घेतली आणि त्यात ब्राझीलमधून येणाऱ्या सोयाप्रथिनाचा वाटा मोठा आहे. हे सोयाबीन अपरिवर्तित असावे असा आग्रह नॉर्वेच्या मत्स्योद्योगाने धरला आणि त्यासाठी अधिक दाम मोजले. याचा अर्थ अपरिवर्तित सोयाबीनला जगात वेगळे गिऱ्हाईक आहे. भारतातील सोयाबीन अपरिवर्तित असल्यामुळेच त्याच्या पेंडीला परदेशी बाजारात इतरांहून चढा भाव मिळू शकतो. परंतु आयात पेंड आणि देशी पेंड एकाच गोदामात, एकाच वजनकाट्यावर येऊ लागली, तर ही ओळख पुसली जाण्यास वेळ लागणार नाही. एकदा गमावलेली अशी ओळख परत मिळविण्यास अनेक वर्षे आणि पुष्कळ पैसा खर्च होतो.

नियम आधी, गरज नंतर

मग करावे काय ? पहिली गोष्ट, २०२१ प्रमाणे टंचाईच्या घाईत अधिसूचना काढण्याची प्रथा बंद व्हावी. पेंडीची आयात कोणत्या भावाला खुली होईल, कोणत्या भावाला बंद होईल आणि सुगीच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ती कशी रोखली जाईल, हे पेरणीपूर्वीच, मे महिन्यात, जाहीर झाले पाहिजे. देशातील भाव हमीभावाच्या ठरावीक पटीपेक्षा चढला तरच आयात, आणि तो खाली आला की जकात आपोआप वाढणार, असा सरळ नियम शेतकऱ्याला समजतो आणि तळेमालकालाही. मग पेरणी करणारा आणि तळ्यात बी सोडणारा, दोघेही निदान डोळे उघडे ठेवून आपला निर्णय घेऊ शकतील.

दुसरी गोष्ट, खाद्याच्या पोत्यावर सत्य छापले जावे. पेंड सोयाबीनची की सरकीची, परिवर्तित पिकाची की अपरिवर्तित पिकाची, हे जाणण्याचा हक्क ते पोते विकत घेणाऱ्या मत्स्यशेतकऱ्याला आहे. निर्यातीचे गिऱ्हाईक उद्या त्याला हाच प्रश्न विचारील, तेव्हा त्याच्या हातात उत्तर असले पाहिजे. जे उत्पादक अपरिवर्तित खाद्यावर मासे वाढवतील त्यांना तसे चिन्ह लावण्याची मुभा असावी. त्यासाठी देशी सोयाबीनला जादा दाम मिळाला तर तो लातूर-वाशीमच्या शेतकऱ्यापर्यंत पोचण्याची वाटही निर्माण होईल.

तिसरी गोष्ट, आपल्या तळ्यांतील आपल्या माशांवर आणि कोळंबीवर दीर्घ मुदतीच्या चाचण्या शासकीय मत्स्यसंशोधन संस्थांनी घ्याव्यात आणि त्यांचे निष्कर्ष प्रादेशिक भाषांतून लोकांसमोर ठेवावेत. नॉर्वेच्या सामनवरून आंध्रच्या कोळंबीविषयी अंदाज बांधणे, हे जसे विरोधकांनी करू नये तसे समर्थकांनीही करू नये.

आणि चौथी गोष्ट, सर्वांत अवघड. हेक्टरी दहा क्विंटलवर अडकलेले आपले सोयाबीन जोवर पुढे सरकत नाही, तोवर प्रत्येक जागतिक मंदीत आपला शेतकरी हरणार आणि प्रत्येक तेजीत आपला खाद्य कारखानदार आयातीची मागणी करणार. टिकाऊ वाण, वेळेवर बियाणे, संरक्षित पाणी आणि साठवणुकीची सोय यांवर खर्च करणे अधिसूचना काढण्याइतके सोपे नाही, आणि त्याचे फळ एका हंगामात दिसतही नाही.

जनुकपरिवर्तित पेंड माशाला घालावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर कदाचित ‘घालावी’ असेही असू शकेल. परंतु ते उत्तर उघडपणे, कारणे देऊन आणि आधी कळवून दिले गेले पाहिजे. आज तेलाला एक न्याय, सरकीला दुसरा आणि सोयापेंडीला महागाईच्या महिन्यांपुरता तिसरा, अशी स्थिती आहे. त्या तिसऱ्या न्यायाची किंमत मोंढ्यात बैलगाडी वा टेम्पो उभा करून भावाची वाट पाहणारा शेतकरी मोजतो, आणि ताटातला मासा काय खाऊन वाढला हे न कळणारा ग्राहकही मोजतो. राष्ट्रीय धोरणाची जी मागणी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन्ही न्यायमूर्तींनी केली, तिची पूर्तता करताना शासनाने या दोघांना चर्चेच्या मेजावर जागा द्यावी. न्हावाशेवाला पुढचे जहाज लागल्यानंतर ती चर्चा सुरू करण्यात काही अर्थ उरणार नाही.